वारा थांबला की इंजिन तापते

हवेने थंड होणाऱ्या मोटरसायकलच्या इंजिनाला समोरून येणाऱ्या वाऱ्याशिवाय दुसरा आधार नसतो. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटर नाही, पाणी नाही, पंखाही नाही. सिलिंडर आणि हेडभोवती असलेल्या धातूच्या पातळ फिन्स एवढीच त्यांची सोय. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. तिचा मोठा भाग सायलेन्सरमधून निघून जातो, पण पिस्टन आणि हेडमध्ये शिरलेली उष्णता धातूतूनच बाहेर काढावी लागते. गाडी ताशी 40 किलोमीटरने धावत असते तेव्हा सेकंदाला 11 मीटर वेगाचा वारा फिन्समधून जातो आणि ती उचलून नेतो. गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिन मात्र पेट्रोल जाळतच राहते.

स्कूटरची गोष्ट वेगळी आहे. तिचे इंजिन पत्र्याआड झाकलेले असल्याने क्रँकला जोडलेला पंखा त्यावर सतत हवा सोडतो, त्यामुळे हवेने थंड होणारी असूनही स्कूटर सिग्नलवर तग धरते. मोटरसायकलचे इंजिन उघडे असते, म्हणून ते थंड राहील असे वाटते. ते खरे आहे, पण गाडी चालत असेपर्यंतच.

खानदेशचा उन्हाळा या अडचणीत भर घालतो. फिनचे तापमान 150 अंश धरले आणि धुळ्यातल्या जानेवारीच्या सकाळी हवा 10 अंश असली, तर दोहोंत 140 अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 वर गेला की हा फरक 105 वर येतो. उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाहते, म्हणजे वारा तेवढाच असूनही इंजिन थंड होण्याची क्षमता पाव हिश्शाने घटते. शिवाय 45 हा आकडा सावलीतल्या हवेचा. डांबराला लागून असलेली हवा त्याहून तापलेली असते, आणि शेजारी ट्रक उभा असेल तर त्याची धगही त्याच फिन्सवर येते.

त्यात वाहनांची कोंडी तर जळगाव आणि धुळ्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53, जळगाव शहराच्या मधून जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली इथे लांब पल्ल्याचे ट्रक आणि गावातल्या दुचाक्या एकाच रांगेत उभ्या राहतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि शहरातल्या आग्रा रोडवर बाजाराच्या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये जायला जागा मिळत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तर डबल सीट, सामान, पहिला गिअर आणि पुढे रखडलेली रांग असे सगळे एकदम जमून येते. इंजिन सर्वांत जास्त उष्णता तयार करते तेव्हाच त्याला वारा सर्वांत कमी मिळतो.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय फुकटचा आहे: अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. रेल्वे फाटक पडले असेल तर विचारच करू नये. पुन्हा स्टार्ट करायला जास्त पेट्रोल लागते ही समजूत जुनी आहे. सेल्फ आणि बॅटरी धड असलेल्या गाडीला तो खर्च नगण्य असतो. 2014 मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये आलेली आयथ्रीएस यंत्रणा हेच करते: गाडी न्यूट्रलमध्ये थांबली की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच सुरू होते. उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर पिळत राहणे सर्वांत वाईट, कारण त्यातून उष्णता वाढते आणि वारा जराही मिळत नाही. गाडी धावून आल्यावर थंड व्हावी म्हणून ती जागेवर चालू ठेवण्याचाही उपयोग नाही. शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश चालवावा आणि पोहोचताच इंजिन बंद करावे.

हाफ क्लचचे नुकसान फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक मोटरसायकलींत क्लच प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. रांगेत क्लच अर्धा दाबून इंचाइंचाने सरकताना त्या घासतात आणि ती उष्णता थेट ऑइलमध्ये जाते. पुढे चार-पाच मीटर मोकळी जागा होऊ द्यावी, मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये पुढे जावे.

ऑइलबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण वारा नसताना उष्णता वाहून नेणारे तेवढेच एक उरते. पिस्टन आणि हेडवरची उष्णता घेऊन ते खाली क्रँककेसमध्ये आणते. 100 सीसीच्या गाडीत ते मुळात लिटरभर किंवा थोडे कमीच असते, म्हणून त्यातले 200-300 मिली उडाले तर फरक मोठा पडतो. पातळी पाहायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, ऑइलचे झाकण फिरवून काढायचे, त्याची पट्टी स्वच्छ कापडाने पुसायची, बहुतेक 100-125 सीसी गाड्यांत आटे न फिरवता ती नुसती आत टेकवायची आणि बाहेर काढून पाहायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे. ते काळे आणि पाण्यासारखे पातळ झाले असेल, तर पातळी बरोबर असूनही बदलावे. ग्रेड कंपनीच्या पुस्तकात दिलेलाच घ्यावा: 10डब्ल्यू-30 साठी बनलेल्या इंजिनात केवळ उन्हाळा आहे म्हणून जाड ऑइल टाकू नये. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 लिहिलेले असावे. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी क्लच घसरतो.

फिन्सही मोकळ्या हव्यात. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फिन्सच्या फटीत बसते आणि वाळून घट्ट होते. ऑइल गळत असेल तर त्यावर धुळीचा थर चढतो. इंजिन पूर्ण गार असताना ब्रश आणि पाण्याने हा मळ काढावा. चिखल उडू नये म्हणून लेग गार्डला बांधलेले रेक्झिन उन्हाळ्यात काढून टाकावे, नाहीतर येणारा थोडाफार वाराही अडतो.

काही दोष आतून तापवतात. मायलेज वाढावे म्हणून जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरचे पेट्रोल फार कमी करून घेतले तर इंजिन जास्त तापते. कार्ब्युरेटर आणि हेडमधले रबर तडकले तरी बाहेरची हवा आत शिरून तेच होते. टॅपेट फार टाइट असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही; आपली उष्णता हेडला द्यायला त्याला वेळ मिळत नाही आणि शेवटी तो जळतो. घासणारा मागचा ब्रेक, कोरडी चेन आणि कमी हवेचे टायर हे सगळे इंजिनावरचे ओझेच.

इंजिन तापल्याच्या खुणा आधीपासून दिसू लागतात. पिकअप पडतो, न्यूट्रल सापडेनासा होतो, चढावर हेडमधून टकटक येते, जळक्या ऑइलचा वास सुटतो. अशा वेळी कडुनिंबाची सावली गाठून चावी बंद करावी आणि वीस मिनिटे थांबावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतण्याची सवय गावोगाव आहे. ती घातक आहे: धातू एका बाजूने अचानक आकसतो आणि हेड वाकण्याची किंवा चिरण्याची भीती असते.

चालत्या गाडीत इंजिन पकडल्यासारखे वाटले, म्हणजे ॲक्सिलरेटर न सोडता वेग झपाट्याने पडू लागला, तर त्याच क्षणी क्लच पूर्ण दाबावा. नाहीतर पिस्टन चिकटताच मागचे चाक जाम होऊन गाडी घसरते. नंतर किक जागची हलत नसेल तर जोर लावू नये, गाडी मेकॅनिककडे ढकलत न्यावी. किक मोकळी असेल तर गार झाल्यावर ऑइल पाहून, कमी असल्यास भरून, कमी वेगाने निघता येते.