किरण तेच, मात्रा निराळी

टीएयू-१ हे उडदाचं वाण मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्यांच्या परिचयाचं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते १९८५ साली दिलं. किरणांच्या माऱ्याने गुणधर्म बदललेल्या उडदाचा संकर करून ते तयार झालं. म्हणजे भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची, बारावी सायन्सची एखादी मुलगी ‘किरणोत्सार जीवशास्त्र’ शिकायचं म्हणाली, तर घरच्यांनी दचकायचं कारण नाही. या विषयाचं पीक आपल्या शिवारात कधीच येऊन गेलं आहे.

या विषयाचा गाभा म्हणजे मात्रा. ती ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो वजनात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. माणसाच्या सर्वांगाला एकदम चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर जीव जाऊ शकतो. पण तेवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान जेमतेम एक सहस्रांश अंशाने वाढतं! मग घात होतो कशाने? किरण पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. काही वेळा ते थेट तोडतात, तर बऱ्याचदा पेशीतल्या पाण्याचं विघटन होऊन तयार झालेले आक्रमक रेणू हे काम करतात. विभागणाऱ्या पेशींना ही मोडतोड सर्वांत जड जाते.

एवढं समजलं की पुढचं उलगडत जातं. कर्करोगाच्या गाठीला बहुधा रोज दोन ग्रे देतात, कारण मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची डागडुजी करून घेतात. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००२ पासून कांद्यावर किरण सोडले जातात. तिथे साठ-नव्वद ग्रे पुरतात. कांद्याच्या पोटातल्या कोंबाच्या पेशी विभागायच्या थांबतात आणि कांदा मोडावत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात. मिरची पावडरीतले जंतू मारायला हजारो ग्रे लागतात, आणि ते काम वाशीच्या प्रकल्पात २००० सालापासून चालतं. मिरची पिकवणाऱ्या आपल्या तालुक्याने हे ठाऊक करून घ्यायला हवं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी माल किरणोत्सारी होत नाही. तेवढी ऊर्जाच त्यांच्यात नसते.

आता नोकरीचं. पालकांना स्पष्ट सांगायला हवं की नुसत्या याच विषयाची पदवी देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत आणि ‘किरणोत्सार जीवशास्त्रज्ञ’ नावाची पदं त्याहून कमी. इथे शेजारच्या वाटेने यावं लागतं. भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे, जैवविज्ञानात एम.एस्सी. केलेल्यांना तिथे प्रवेश परीक्षेतून जाता येतं. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये कर्करोगाचं संशोधन होतं. रुग्णालयात मात्रेचं गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करावी लागते. ही मागणी खरी आहे आणि टिकणारी आहे, कारण किरणोपचाराचं यंत्र अशा माणसाविना चालवता येत नाही.

तरी मला सर्वांत जास्त आशा वाटते ती बियाण्यांत. जालना हा बियाणे उद्योगाचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच ‘महिको’ उभी केली. बदनापूरला कृषी महाविद्यालय आहे, कडधान्यांचं संशोधन केंद्र आहे. बियाण्यावर किरण सोडणं काही मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत पुढच्या हंगामांत असते. दुसऱ्या पिढीची हजारो झाडं एकेक करून पाहायची. एखादं बुटकं, एखादं लवकर शेंगा धरणारं, एखादं रोगाला न बधणारं. ते हेरायचं, खूण करायची, त्याचं बी वेगळं राखायचं. कृषी पदवीनंतर अनुवंशशास्त्र आणि वनस्पती पैदास घेतलेल्या मुला-मुलींना हे काम विद्यापीठांत मिळतं, कंपन्यांतही मिळतं.

बारावीला जीवशास्त्र घेतलं म्हणून गणित सोडायची घाई मात्र करू नये. मात्रा मोजताना त्याच्यावाचून अडतं.