विंडोज ७ वर नवं सॉफ्टवेअर का बसत नाही? दुकानदारांसाठी सोप्या भाषेत

कृषी सेवा केंद्र असो, कापडाचं दुकान असो की झेरॉक्स सेंटर, आपल्या बेलापूर-श्रीरामपूर भागात अजूनही काउंटरवर विंडोज ७ चे कॉम्प्युटर दिसतात. बिल निघतंय, प्रिंट निघतेय, मग बदलायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यावर लिबरऑफिसची नवी आवृत्ती टाकून बघा, बसणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २५.८ आवृत्तीपासून विंडोज ७, ८ आणि ८.१ चा सपोर्ट बंद झालाय.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायला पैसे लागत नाहीत, पण ते सांभाळायला माणसं आणि वेळ लागतो. जुनी विंडोज चालू ठेवायची म्हणजे प्रत्येक बदल तिच्यावर वेगळा तपासायचा. त्यात ज्या हत्यारांनी सॉफ्टवेअर बनतं, ती हत्यारंच पुढे जातात. फायरफॉक्सचा काही भाग रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आहे, आणि मे २०२४ पासून रस्टने नेहमीच्या वापरासाठी किमान विंडोज १० धरली. कंपनीने बंद केलेला पंप मेकॅनिक काही वर्षं दुरुस्त करून देतो. सुटे भागच मिळेनात तेव्हा तोही हात टेकतो. तसंच हे.

मग कधी थांबायचं, हे ठरवतं कोण? इथे दोन पद्धती दिसतात.

पायथॉनवाल्यांचा नियम तारखेचा आहे. नवी आवृत्ती येते त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला सपोर्ट देतंय, तीच धरायची. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये आलेली पायथॉन ३.९ विंडोज ७ वर चालत नाही. विषय संपला.

फायरफॉक्स बनवणारी मोझिला मात्र जुन्या विंडोजवर अजून किती लोक आहेत तेही बघते. जुलै २०२३ ची ११५ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. तिच्या ईएसआर प्रकाराला सप्टेंबर २०२४ पर्यंतच सुरक्षा अपडेट द्यायचे ठरले होते, पण वापरणारे बरेच उरले म्हणून मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. (गूगल क्रोमने तर फेब्रुवारी २०२३ मध्येच, ११० आवृत्तीला, विंडोज ७ सोडली.)

ऐकायला मोझिलाची पद्धत माणुसकीची वाटते, आणि आहेही. तरी धंदेवाल्याला पायथॉनची पद्धत जास्त सोयीची, असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख आधी कळली तर दिवाळीच्या नफ्यातून कॉम्प्युटरची तजवीज करता येते. मुदत वाढत गेली की आपण निवांत बसतो, आणि नेमकं जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी साइट उघडत नाही.

आणि खरा धोका साइट न उघडण्याचा नाहीच. जुनं सॉफ्टवेअर चालूच राहतं, फक्त त्यातली नवी भोकं कुणी बुजवत नाही. नेट बँकिंग आणि ईमेलमधून आलेल्या फायली त्याच मशीनवर उघडत असाल, तर गल्ल्याला कुलूप नाही असं समजा.

आता तुमचं बघा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, winver ऐवजी घाबरू नका, स्टार्ट मेनूतल्या ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं तरी चालतं. विंडोज ७ निघाली तर बँकेचं काम आजच दुसऱ्या मशीनवर न्या. विंडोज १० असेल तर तिचाही मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस अजून तिच्यावर चालतात, म्हणून थोडा अवधी आहे, एवढंच.

मशीन धडधाकट असेल, ६४ बिटचं आणि ४ जीबी रॅमचं, तर लिनक्स मिंट टाकता येतं. पण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, ते मिंटवर थेट चालणार नाही. म्हणून आधी डेटाचा बॅकअप घ्या, मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, आणि प्रिंटर व डिजिटल सिग्नेचरचं टोकन चालतंय का ते तपासा. हार्ड डिस्कला हात लावायचा तो त्यानंतर.