पंचवीस टोंकांचा तारा

डिसेंबर लागला, कीं हडपसरांतील आपल्या ख्रिस्ती बंधुभगिनींच्या दारांवर तारे दिसूं लागतात. बहुतेक ठिकाणीं तारा पांच टोंकांचा असतो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि सुतळी एवढें साहित्य त्याला पुरतें, आणि ज्याला दिवाळीचा आकाशकंदील बांधतां येतो त्याला तो निराळा शिकावा लागत नाहीं. मत्तयकृत शुभवर्तमानांत मागी लोकांस दिसलेल्या ताऱ्याला किती टोंकें होतीं हें सांगितलेलें नाहीं. तेव्हां तीं पांचच असावींत असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. मी येथें ज्या ताऱ्याविषयीं लिहिणार आहें त्याला पंचवीस टोंकें आहेत.

हा तारा मूळचा शाळेंतला. जर्मनींतील मोरेव्हियन बंधुसमाजाच्या शाळांत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, भूमितीचा अभ्यास म्हणून विद्यार्थ्यांकडून असे तारे करवून घेत असत. तेथें राहणाऱ्या कित्येक मुलांचे आईबाप मिशनरी म्हणून दूरदेशीं गेलेले असत. पुढें हेर्नहूट गांवच्या व्हर्बेक नांवाच्या पुस्तकविक्रेत्यानें तो विकण्यास आरंभ केला, आणि १८९७ सालीं त्याचा कारखाना निघाला. आजहि तेथें तारे हातानेंच जोडतात.

आतां त्याची रचना पाहूं. ताऱ्याच्या पोटीं एक घन आकृति कल्पावी. तिला अठरा चौरस व आठ समभुज त्रिकोण अशीं सव्वीस पृष्ठें असतात, आणि सर्वांच्या बाजू एकाच लांबीच्या. मध्यभागीं आठ चौरसांचा पट्टा; त्याच्या वर चार चौरस व चार त्रिकोण एकाआड एक; माथ्यावर एक चौरस; आणि खालींहि तसेंच. प्रत्येक पृष्ठावर एक निमुळतें टोंक उभें करावयाचें. मात्र माथ्याचा चौरस दिव्यासाठीं मोकळा ठेवावयाचा. म्हणजे चौरस बुडाचीं सतरा आणि त्रिकोणी बुडाचीं आठ, मिळून पंचवीस टोंकें झालीं.

दोन वर्षांपूर्वीं आठवीच्या मुलांकडून मीं हा तारा करवून घेतला. प्रत्येकास कागद व माप दिलें, आणि ज्याच्या त्याच्या कात्रीवर भरंवसा ठेवला. सुटीं टोंकें मोठीं सुबक झालीं. पण जोडावयास बसलों तेव्हां पट्ट्यावर वरची फेरी बसेना. कारण सोपें आहे. पट्ट्यांतील प्रत्येक टोंक अर्धा मिलिमीटर रुंद झालें, तर आठांचा घेर चार मिलिमीटरांनीं वाढतो. वरच्या फेरींतील टोंकें तितकींच आंखूड असलीं, तर दोहोंत आठ मिलिमीटरांची तफावत पडते. ओढून चिकटवावें तर शेजारचा सांधा उकलतो. अखेर एका बाजूस भगदाड असलेला तो तारा भिंतीकडे तोंड करून टांगला. मुलें कांहीं बोललीं नाहींत. चूक त्यांची नव्हतीच. मींच गणित शिकवितों आणि हा बेरजेचा हिशेब माझ्या ध्यानांत आला नव्हता.

गतवर्षीं येथील औद्योगिक वसाहतींत मिठाईचे खोके करणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. खोके ज्या साच्यानें कापतात त्यास हे लोक 'डाय' म्हणतात. जाड प्लायवुडच्या फळींत आकृतीच्या रेषांवर चिरा पाडून त्यांत पोलादी पातीं बसवितात. बाहेरच्या कडेचीं पातीं धारदार असतात. घडीच्या रेषांवरचीं बोथट व किंचित् आंखूड असतात. तीं कागद कापीत नाहींत, नुसती दाबून ओळ उमटवितात. पात्यांलगत रबराचे तुकडे डकविलेले असतात, ते दाब सुटतांच कापलेला कागद बाहेर लोटतात. अशा साच्यांतून निघालेल्या पहिल्या व हजाराव्या तुकड्यांत डोळ्यांना फरक दिसत नाहीं. साच्याचा खर्च एका ताऱ्यासाठीं परवडणार नाहीं. साठ मुलांत वांटला तेव्हां तो सोसला.

साचा एकच पुरतो. एकमेकांलगत चार समद्विभुज त्रिकोण, प्रत्येकाचा पाया ६ सें. मी. व उभ्या बाजू १८ सें. मी.; प्रत्येक पायाला आठ मिलिमीटरांची पट्टी, आणि एका उभ्या कडेला चिकटविण्याची पट्टी. चौरस टोंकाला हा तुकडा जसाच्या तसा घ्यावा. त्रिकोणी टोंकासाठीं उभ्या पट्टीच्या विरुद्ध बाजूचा एक त्रिकोण कापून टाकावा. या मापाचा तारा टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें अर्ध्या मीटरचा होतो. कागद पांढरा किंवा पिवळा, दर चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असावा. पतला कागद लोंबतो, जाड कागदांतून प्रकाश येत नाहीं. ज्यांस साचा मिळणार नाहीं त्यांनीं पुठ्ठ्याचा एक नमुना करून एकाच हातानें सर्व तुकडे आंखावे, आणि घडी घालण्यापूर्वीं पट्टीच्या आधारानें शाई संपलेलें बॉलपेन रेषेवरून दाबून फिरवावें.

बुडाच्या पट्ट्या ताऱ्याच्या आंत वळवून शेजारच्या टोंकाच्या पट्टीस समोरासमोर चिकटवाव्या, आणि फेविकॉल सुकेपर्यंत कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावे. (खळ वापरूं नये, ती झुरळांस फार आवडते.) आरंभ तळाच्या टोंकापासून करावा, मग पट्टा, मग वरची फेरी. शेवटचे सांधे माथ्याच्या मोकळ्या चौरसांतून बोटें घालून दाबावे लागतात. तेथें मोठ्या माणसाचा हात शिरत नाहीं.

याच सांध्यांविषयीं मला एक निरोप आला. आमच्या वसतिगृहांतील मुलें नाताळसाठीं अहिल्यानगर व जालना जिल्ह्यांतील आपापल्या गांवीं जातात. जोडलेला तारा एस्. टी.च्या गर्दींत टिकणार नाहीं. पंचवीस सपाट तुकडे मात्र दप्तरांत वहीसारखे मावतात. म्हणून ते न जोडतांच मुलांपाशीं दिले. एका मुलीच्या आईनें सुटीनंतर कळविलें, कीं घरच्या साऱ्यांनीं मिळून दोन रात्रीं तारा जोडला. अखेरचे चार सांधे कोणासच साधेनात, ते धाकट्या पांच वर्षांच्या मुलानें दाबले, आणि तेव्हांपासून तो तारा आपणच केला असें तो सर्वांस सांगतो.

आंत एल्. ई. डी.चा पांच-सात वॉटचा दिवा सोडावा. जुना तारेचा बल्ब तापून कागद करपवितो, आणि मेणबत्ती तर कधींच लावूं नये. आपल्याकडे कालव्यालगत पहांटे दंव पडतें, त्यानें पट्ट्या सुटतात. तारा वळचणीखालींच टांगावा. सण संपल्यावर तो खुंटीस तसाच राहूं द्यावा.