इम्प्लांटआधी हाड का भरतात?

आरोग्य शिबिरात एक मावशी हातात कागद घेऊन आल्या. "सिस्टर, दात बसवायला गेले तर डॉक्टर म्हणतात, आधी हाड भरावं लागेल. त्याचे पैसे वेगळे! फसवत तर नाहीत ना?"

मी विचारलं, "दाढ कधी काढली होती?"

"झाली की पाच वर्षं."

उत्तर तिथंच होतं. जबड्यातलं दाताभोवतीचं हाड दाताच्या आधारानंच टिकतं. दात गेला की ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीच झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. भिंतच पातळ असेल, तर खुंटी टिकणार कशी?

म्हणून तिथं हाडाची भर घालतात. तिलाच बोन ग्राफ्ट म्हणतात. हे हाड आपल्याच जबड्यातून किंवा हनुवटीतून घेतात. नाहीतर मानवी दात्याचं, जनावराचं प्रक्रिया केलेलं किंवा कृत्रिम वापरतात. वेलाला मांडव लागतो, तशी ही भर. तिच्या आधारानं आपलं नवं हाड तयार होतं. त्याला साधारण 4 ते 6 महिने लागतात. भर थोडीच लागणार असेल, तर कधी कधी इम्प्लांट त्याच वेळी बसवतात.

होकार देण्याआधी हे विचारा:

• माझं हाड किती कमी आहे? स्कॅनमध्ये दाखवा.
• भर कशाची घालणार?
• एकूण खर्च किती, महिने किती?
• ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात चालेल का?

मधुमेह असेल, हाडं ठिसूळ होण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, तर आधी सांगा. तंबाखू, मिश्री, विडी बंद करा. त्यांनी जखम भरत नाही आणि घातलेली भर वाया जाऊ शकते. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली, पू किंवा ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. दुसरा सल्ला तिथंही घेता येतो.

मावशींनी हे प्रश्न लिहून नेले. खर्च ऐकून काढता-घालता येणारा दात निवडला. निर्णय त्यांचाच, पण समजून घेतलेला.

तुमची दाढ अजून काढायची असेल, तर काढण्याआधीच विचारा, "पुढं इथं दात कसा बसवायचा?" खड्डा त्याच दिवशी भरला, तर पुढची बरीच झीज टळते.