मावळात एवढा पाऊस, मग चणचण कसली?

तळेगाव-चाकण रस्त्यावरचं इंदुरी इंद्रायणीच्या काठी आहे. नदीकाठच्या मळ्यांना पंपाचं पाणी मिळतं. इथून पश्चिमेला डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांकडे गेलं, की शेतीचं चित्र पालटतं. तिथल्या गरिबीविषयी आणि तिच्यावरच्या उपायांविषयी काही समज पक्के बसले आहेत.

गैरसमज : भरपूर पाऊस म्हणजे भरपूर पीक.
वस्तुस्थिती : लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतारावरची माती पातळ, खाली कातळ. त्यामुळे पाणी थांबत नाही. भात निघाला की बऱ्याच खाचरांत हरभरा किंवा वालापुरतीच ओल उरते. बांधबंदिस्ती आणि छोटे बंधारे लागतात ते ही ओल टिकवण्यासाठी.

गैरसमज : इंद्रायणी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा देशी तांदूळ आहे.
वस्तुस्थिती : महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ इथल्या संशोधन केंद्राने हा वाण १९८७ मध्ये दिला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो निघाला. टिकाऊ शेती म्हणजे फक्त जुन्याकडे परतणं नव्हे. संशोधनही लहान शेतकऱ्याच्या उपयोगी पडतं.

गैरसमज : खत कमी केलं की भात घटतो.
वस्तुस्थिती : चिखलात फेकलेला युरिया मुसळधार पावसात बराचसा वाहून जातो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख किंवा पेंढा, गिरिपुष्पाचा पाला, मोजक्या रोपांची ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या असा मेळ आहे. चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी खोल खोचतात. हेक्टरी सुमारे १७० किलो गोळ्या पुरतात. नत्र मुळाशी राहतं, म्हणून कमी खतातही पीक भरतं. मात्र लावणीला माणसं जास्त लागतात. ज्याच्या घरी हात कमी, त्याला नुसता सल्ला देऊन भागत नाही.

गैरसमज : कातकऱ्यांना भटकंतीच आवडते.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. अनेक कातकरी कुटुंबांकडे कसायला स्वतःची जमीन नाही. पावसाळ्यातल्या नडीला घेतलेली उचल फेडायला ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. त्यासाठी जातीचा दाखला आणि पुरावे जोडून दावा करावा लागतो. तिथे साथ देणारा कार्यकर्ता शिधावाटपाइतकाच मोलाचा.

गैरसमज : मदत म्हणजे आपत्तीनंतरचे आठ दिवस.
वस्तुस्थिती : पुणे जिल्ह्यातल्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर दरड कोसळली आणि दीडशेच्या वर माणसं दगावली. नव्या गावठाणाचं लोकार्पण झालं २ एप्रिल २०१७ ला. मधल्या काळात निवारा, शेती, शिक्षण सगळंच नव्याने उभं करायचं होतं. धान्य-कपड्यांची गाडी पहिल्या आठवड्यात हवीच, पण तिच्यावर हा पल्ला निभत नाही.

म्हणून देणाऱ्याने वेळ पाहून द्यावं. पेरणीआधी बियाणं आणि बिनव्याजी भांडवल मिळालं, तर वीटभट्टीची उचल टळू शकते. तेच पैसे दिवाळीनंतर आले, तर कुटुंब भट्टीवर पोचलेलं असतं.