डिझेल स्वस्त, पण कोणाला?

सोलापूर-वाडी लोहमार्गावरील दुधनी हे महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. अक्कलकोट तालुक्यातील या गावाला नगरपरिषद आहे, रेल्वे स्थानक आहे आणि तूर, हरभरा, उडीद यांच्या आवकेने गजबजणारी बाजारपेठ आहे. येथे कानावर मराठीइतकीच कन्नड पडते आणि नातीगोती सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत. अशा गावाला डिझेल परके नाही. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, मालमोटार डिझेलवर चालते, आणि विजेने दगा दिला की विहिरीवरच्या इंजिनालाही डिझेलचाच आधार वाटत आला. जे इंधन शेत नांगरते आणि माल वाहते ते काटकसरीचे, पेट्रोल मात्र हौशीचे, अशी समजूत येथे दोन पिढ्यांत रुजली असल्यास नवल नाही.

साहजिकच अशा गावातील एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने सहा-सात माणसांच्या कुटुंबासाठी मोटार घ्यावयाचे मनात आणले, की पहिला सल्ला मिळतो तो ‘घ्यायची तर डिझेलचीच घ्या’ हा. सल्ला देणारा बहुधा अडत्या किंवा वाहतुकीचा धंदा करणारा असतो. त्याची गाडी रोज रस्त्यावर असते आणि त्याच्यापुरता तो सल्ला खराही असतो. परंतु ज्याची गाडी आठवड्यातील पाच दिवस दारात उभी राहणार आहे, अशा पगारदाराला तो लागू पडतो काय, हा विचार सहसा होत नाही. वर्षानुवर्षांची शिल्लक आणि पाच-सात वर्षांचे कर्ज ज्या निर्णयात गुंतते, तो ऐकीव माहितीवर घेतला जावा हे बरे नव्हे.

समजुतीचे मूळ

डिझेलच्या काटकसरीला दोन कारणे होती आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिले कारण यंत्रातच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने ज्वलन होते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. या अधिक दाबामुळे इंधनातील शक्तीचा अधिक भाग कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा शक्तीही थोडी अधिक असते. हा गुण आजही कायम आहे.

दुसरे कारण सरकारी धोरणाचे होते. शेतकरी आणि सार्वजनिक वाहतूक यांच्यावर बोजा पडू नये म्हणून डिझेलचा भाव अनेक वर्षे बांधून ठेवण्यात आला. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडण्यात आला, पण डिझेलचा नाही. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. त्याच वर्षी बाजारात आलेली मारुतीची अर्टिगा ही सात आसनांची मोटार पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही प्रकारांत विकली जाऊ लागली. त्या सुमारास देशात खपणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या सवलतीचा लाभ अशा रीतीने मोटारमालकाच्या पदरात पडत होता, आणि हे फार काळ टिकणारे नव्हते. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव हप्त्याहप्त्याने वाढू लागला, ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही बाजारावर सोडण्यात आला, आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. धोरणाने दिलेली सवलत गेली. समजूत मात्र मागे राहिली.

वहीतला हिशेब

आता साधे अंकगणित मांडून पाहावे. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल शंभर आणि डिझेल नव्वद रुपये लिटर धरू. सारख्याच आकाराची पेट्रोलची गाडी लिटरला १६ आणि डिझेलची २० किलोमीटर जाते असे मानले, तर दर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च सव्वासहा आणि डिझेलचा साडेचार रुपये येतो. म्हणजे डिझेलवाल्याची बचत किलोमीटरमागे पावणेदोन रुपये. तथापि डिझेलची गाडी मुळात महाग असते आणि महाराष्ट्रात तिच्यावरील एकरकमी वाहनकरही दोन टक्क्यांनी अधिक आहे. हा सर्व फरक १ लाख ४० हजार धरला, तर तो भरून निघण्यास ८० हजार किलोमीटर धावावे लागेल.

दुधनीतील पगारदार कुटुंबाचा प्रवास किती? सोलापूर सत्तरेक किलोमीटरवर आहे. दवाखाना, महाविद्यालय, लग्नाची खरेदी अशा कारणांनी महिन्यातून दोन खेपा धरल्या, तर वर्षाला साडेतीन हजार किलोमीटरही होत नाहीत. गावातल्या गावात तीन हजार, आणि अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, तुळजापूर मिळून दीड हजार. एकूण आकडा आठ हजारांच्या घरात जातो. याचा अर्थ जादा दिलेली रक्कम वसूल होण्यास दहा वर्षे लागतील. त्यातही ती रक्कम नऊ टक्के व्याजाने काढलेली असेल, तर पहिल्या वर्षी साडेबारा हजारांच्या आसपास व्याज जाईल आणि इंधनातील बचत होईल १४ हजारांची. उरलेले दीड हजार एका तेलबदलालाही पुरणार नाहीत. उलट वर्षाला २० हजार किलोमीटर धावणाऱ्या अडत्याला हीच रक्कम चार वर्षांत परत मिळते. भाव बदलले की आकडे बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही.

यंत्राची प्रकृती

एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा हे धुराचे मानक लागू झाले. डिझेलच्या गाडीला काजळी अडविणारी गाळणी बसवावी लागली. खर्च वाढला आणि मारुतीने तर डिझेलच्या मोटारी बनविणेच थांबविले. ही गाळणी स्वच्छ राहण्यास गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ वेगाने धावावी लागते. घर ते शाळा आणि शाळा ते बाजार एवढ्याच खेपा करणाऱ्या गाडीत काजळी साचते आणि दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागते. रात्री-अपरात्री रुग्णाला सोलापूरला नेता यावे म्हणून घेतलेली गाडी नेमक्या वेळी अडून बसली, तर लिटरमागे वाचलेल्या रुपयांचे समाधान कोणाला?

पेट्रोलही निर्दोष नाही. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. सोलापूरसारख्या ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्याला त्याचा लाभ आहे. परंतु इथेनॉलमध्ये शक्ती कमी असल्याने गाडीचे लिटरमागचे अंतर काही टक्क्यांनी घटते. हिशेबात तेही धरले पाहिजे.

जुन्या गाडीचा मोह

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. २०२५ मध्ये न्यायालयानेच मालकांना दिलासा दिला, तरी मधल्या काळात तेथील अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. मोठ्या शहराला नकोशी झालेली गाडी लहान गावात ‘स्वस्तातली डिझेल’ म्हणून मिरवते. तिचा धूर मात्र शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्याच छातीत जातो. किंमत सांगताना विकणारा हे सांगत नाही.

डिझेल वाईट आणि पेट्रोल चांगले, असा याचा निष्कर्ष नव्हे. रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्यास, भरल्या गाडीने खराब रस्ता तुडविणाऱ्यास डिझेल आजही सोयीचे आहे. परंतु सरकारची धोरणे चार-पाच वर्षांत पालटतात आणि पगारदाराची मोटार पंधरा वर्षे वापरावयाची असते. धोरणाच्या भरवशावर खरेदी करणाऱ्याची नुकसानभरपाई कोणी करीत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कुटुंबाने गेल्या वर्षीचा आपला सारा प्रवास एकदा कागदावर मांडावा. आकडा २० हजारांकडे झुकत असेल तर डिझेलचा विचार अवश्य करावा. तो आठ-दहा हजारांवरच थांबत असेल, तर शेजारच्या अडत्याचा सल्ला आदराने ऐकून घ्यावा आणि पेट्रोलची गाडी घ्यावी.