खेळ आपला, यंत्र कुणाचे?

दुकानात पैसे मोजून आणलेली वस्तू आपली, असा आपला साधा हिशेब. तव्यावर पोळी भाजायची की घावन, हे विचारायला कारखानदार घरी येत नाही. परंतु हल्लीच्या खेळाच्या यंत्रांना हा हिशेब लागू पडत नाही, आणि म्हणूनच खेळणारी मुले कंपन्यांवर रुसून बसतात. त्यांचा रुसवा पोरकट आहे काय? एक हकीकत पाहू.

ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतील पामर लकी या एकोणीस वर्षांच्या तरुणाने 'ऑक्युलस रिफ्ट' नावाचे डोळ्यांवर बांधायचे यंत्र लोकांपुढे मांडले. ते चढवले की खोली नाहीशी व्हावी आणि मान वळवाल तिकडे खेळातले जग दिसावे! भांडवलासाठी 'किकस्टार्टर'वर अडीच लाख डॉलर मागितले. मिळाले चोवीस लाखांवर. देणारे साडेनऊ हजारांहून अधिक. मात्र ही होती निव्वळ वर्गणी. कंपनीत भाग कुणालाच नव्हता.

मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरांना घेतली. वर्गणीदार खवळले. गल्लीच्या गणपतीसाठी घरोघर वर्गणी जमवावी आणि एखाद्या शेटजीने मांडवच विकत घ्यावा, तसे त्यांना वाटले. 'माइनक्राफ्ट' खेळाचा कर्ता मार्कुस पेर्सन याने तर ऑक्युलसबरोबरची बोलणीच मोडली. गंमत अशी, की त्याच सप्टेंबरात त्याची स्वतःची कंपनी मायक्रोसॉफ्टने २५० कोटी डॉलरांना घेतल्याचे जाहीर झाले!

लकीने त्या वेळी खेळणाऱ्यांना दिलासा दिला होता, की फेसबुकचे खाते लागणार नाही आणि जाहिरातींचा मारा होणार नाही. २०१७ मध्ये तो स्वतःच कंपनीतून बाहेर पडला. ऑक्टोबर २०२० पासून नव्या ग्राहकांना फेसबुकचे खाते सक्तीचे झाले. जर्मनीच्या स्पर्धा-नियामक कार्यालयाने त्याच डिसेंबरात चौकशी सुरू केली. तरीही २९९ डॉलरांचे 'क्वेस्ट २' धडाक्याने खपले. स्वस्ताई दिसली की तत्त्व जरा बाजूला सरते, हे आपल्याही घरात घडतेच.

मग जून २०२१ मध्ये फेसबुकने खेळांत जाहिराती दाखवण्याचा प्रयोग जाहीर केला. पहिला खेळ 'ब्लास्टन', तोही पैसे देऊन घ्यायचा. खेळणाऱ्यांनी त्याला इतके वाईट शेरे दिले, की त्याच्या कर्त्यांनी काही दिवसांतच अंग काढून घेतले. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुकच्या खात्याची सक्तीही गेली. 'मेटा' हे नवे नाव घेतलेल्या त्याच कंपनीचे वेगळे खाते मात्र लागू लागले.

वाचक म्हणतील, "जाहिरातींचे एवढे काय? हातातल्या दिवाळी अंकातही त्या आहेतच." खरे आहे. त्यांच्यावाचून अंक या किमतीत हाती पडला नसता. पण अंकातली जाहिरात मुकाट्याने पानावर बसते. आपण पान उलटले, की तिचे काम संपले. ती वाचणाऱ्याची मान कुठे वळली हे टिपत नाही. डोळ्यांवरच्या यंत्राला मात्र मान आणि हात कसे हलतात हे कळावेच लागते. त्याशिवाय ते चालतच नाही. यंत्रातच राहणारी माहिती जाहिरातींसाठी वापरणार नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. परंतु २०२० साली तिच्या उत्पन्नातले शंभरांपैकी सत्त्याण्णवांहून अधिक डॉलर जाहिरातींचे होते. अशा मालकाच्या शब्दावर ग्राहकाने किती विसंबावे? 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण आपल्याला नवी नाही.

सारांश, मुलांचा रुसवा अगदीच पोरकट नाही. सक्ती हटली आणि प्रयोग थांबला, तो ग्राहकांनी ओरड केल्यामुळेही. तेव्हा यंदा दिवाळीला चिरंजिवांनी असे यंत्र मागितले, तर किंमत विचाराच. पण दुकानदाराला आणखी तीन प्रश्न करा. हे कोणत्या खात्याशिवाय चालत नाही? पैसे दिल्यावरही जाहिराती दिसतात काय? आणि कंपनीने उद्या नियम बदलला, तर हे चालू राहील काय? उत्तरे पटली, तर खुशाल घ्या.